स्वस्त बर्फाविरुद्ध दिल्लीत तक्रार

सिंधुदुर्गातल्या ज्या बंदरावर आमची बर्फाची फॅक्टरी आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार करणारे आणि आम्ही रोज एकाच जेटीवर असतो, आमची मुलं एकाच शाळेत जातात, गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणंही सुटलेलं नाही. पण बड्या कंपन्यांची मक्तेदारी रोखणारा कायदा एका लहानशा बंदरावर नव्या माणसाला अडवायला कसा वापरता येतो, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यातलं कागदपत्रांचं काम बहुतेक माझ्याच अंगावर पडलं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या आधी बंदरावर चार फॅक्टऱ्या होत्या, सगळ्या जुन्या. बर्फाचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे डबे, डब्यांत गोडं पाणी, अमोनियाचा कॉम्प्रेसर. लादी गोठायला जवळजवळ एक दिवस लागतो. हिशोबाला बसलात की कळतं, हा धंदा विजेच्या बिलाचा आहे. बाकी सगळं त्याच्या मागून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बर्फाला गिऱ्हाईक नाही, पण विजेचा स्थिर आकार मात्र भरायचाच.

माझे दीर वेरावळला मासळीच्या कारखान्यात रेफ्रिजरेशनचं काम करायचे. ते परत आले आणि आम्ही घरच्यांनी मिळून कर्ज काढलं. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. कॉम्प्रेसर नवा घेतला. टाकीला जाड इन्सुलेशन दिलं. आणि मुख्य यंत्र रात्री चालवायचं ठरवलं, कारण औद्योगिक ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे सवलत मिळायची. शिवाय जेटीच्या कडेला क्रशर बसवून बर्फाचा चुरा पाइपाने थेट बोटीच्या खणात सोडायची सोय केली. खलाशांचे लाद्या वाहायचे कष्ट वाचले. आमची लादी चौघांच्या लादीपेक्षा वीस रुपयांनी स्वस्त पडायची आणि तरीही आम्हाला दोन पैसे सुटायचे.

पहिल्या हंगामात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी चौघांपैकी एक जण घरी आले. वयाने मोठे, सासऱ्यांचे मित्र. चहा घेतला, आंब्याच्या मोहोराची चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "दर काय तो एकच ठेवूया, सगळ्यांचंच भलं." सासरे हसले, हो-नाही काहीच बोलले नाहीत. पुढे एक वकिलाची नोटीस आली, तिला आम्ही साधं उत्तर दिलं. मग बऱ्याच दिवसांनी जाड पाकीट आलं. दीर ते हातात घेऊन माझ्याकडे आले. "वयनी, दिल्लीसून कागद इलो हा."

कागद भारतीय स्पर्धा आयोगाचा होता. चौघांच्या गटाने आयोगाकडे 'माहिती' (या कायद्यात तक्रारीला हाच शब्द आहे) दाखल केली होती, तिची प्रत आणि उत्तर द्यायची मुदत त्यात होती. स्पर्धा अधिनियम २००२ सालचा. त्यातली कलम ३ आणि ४ प्रत्यक्ष लागू झाली मे २००९ पासून. कलम ३ संगनमताबद्दल आहे, कलम ४ बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर करण्याबद्दल. आमच्यावर कलम ४ लावलं होतं. म्हणणं असं, की आम्ही बंदरावर वर्चस्व असलेले व्यावसायिक आहोत आणि प्रतिस्पर्ध्यांना संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दरात बर्फ विकतो आहोत. शिवाय कलम ३३ खाली मागणी होती, की निकाल लागेपर्यंत आम्हाला गटाच्या दराखाली विकायला मनाई करावी.

"स्वस्त विकलां म्हणान केस?" दीर विचारत होते. मी वाचत होते. दंडाच्या कलमात उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत असं लिहिलेलं, आणि आमचं कर्ज तर अजून निम्मंही फिटलेलं नव्हतं.

ओरोसच्या कोर्टात काम करणाऱ्या आमच्या नेहमीच्या वकिलांनी हात जोडले. हे माझं क्षेत्र नाही म्हणाले आणि मुंबईच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी दादरला उतरलो. बाईंनी पाकीट चाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बँकेत तुमचं काय चालू आहे?" मला आश्चर्य वाटलं. खरोखरच आम्ही फॅक्टरी वाढवायला जादा कर्ज मागितलं होतं आणि मंजुरीच्या टप्प्यावर बँकेने प्रलंबित वादाची माहिती विचारली होती. बाई म्हणाल्या, अशा प्रकरणात तक्रार जिंकणं हा बऱ्याचदा दुय्यम भाग असतो. तुमचं कर्ज एक हंगाम लांबलं, गिऱ्हाइकांत चलबिचल झाली आणि तुमचे हिशोब त्यांच्या हाती पडले, तर त्यांचा खर्च वसूल झाला.

तिन्ही गोष्टी होऊ लागल्या होत्याच. जेटीवर बातमी पसरली होती, की फॅक्टरीला सील लागणार. दोन-तीन नाखव्यांनी, म्हणजे बोटमालकांनी, हंगामाची उचल आमच्याकडे न ठेवता जुन्या फॅक्टरीत ठेवली. बँकेने फाइल बाजूला काढली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. खर्चाखाली विकत नाही हे सिद्ध करायचं, तर विजेची बिलं, मजुरीचा तक्ता, कोणत्या बोटीला किती बर्फ दिला हे सगळं द्यायला हवं. म्हणजे आमचा सगळा धंदा उघडून प्रतिस्पर्ध्यांच्या पुढ्यात ठेवायचा. यावर उपाय होता. आयोगाच्या २००९ च्या सामान्य विनियमांत नियम ३५ आहे. त्याखाली व्यापारी गुपितं गोपनीय ठेवण्याची मागणी करता येते आणि समोरच्याला तो भाग झाकलेली प्रत मिळते. प्रत्येक आकडा का झाकायचा, याचं कारण लिहून द्यावं लागतं. ते तक्ते मी स्वतः केले. रात्री मुलं झोपली की टेबलावर बिलं पसरून बसायचे.

पण खरी लढाई बाजाराच्या व्याख्येवर झाली, आणि ह्याच भागात मला रस वाटू लागला.

वर्चस्व आहे की नाही हे ठरवण्याआधी ते कोणत्या बाजारात, हे ठरवावं लागतं. तक्रारीत बाजार असा आखला होता: या बंदराच्या जेटीवर बोटीच्या खणात थेट सोडला जाणारा चुरा केलेला बर्फ. पाइपाची सोय फक्त आमच्याकडे. म्हणजे त्या बाजारात आमचा वाटा सरळ शंभर टक्के! वकीलबाई हे वाचून हसल्या. म्हणाल्या, बाजार पुरेसा लहान कापला की गावातला चणेवालासुद्धा मक्तेदार ठरतो. लादी आणि चुरा वेगळा माल कसा? नाखव्याला मासळी थंड ठेवायची आहे. लादी घेऊन तो क्रशरवर फोडतो किंवा खलाशी मोगरीने फोडतात. वापर एकच. कायद्याच्या कलम १९(७) मध्ये मालाचा शेवटचा उपयोग हा निकष लिहिलेलाच आहे.

मग भूगोल. कलम १९(६) मध्ये वाहतुकीचा खर्च हा निकष आहे. बर्फाच्या बाबतीत हा निकष अगदी डोळ्यांना दिसतो, कारण माल वाटेतच पाणी होतो. तक्रारदारांचा युक्तिवाद इथे अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं. पाऊणशे किलोमीटरवरून लाद्या आणल्या तर उन्हात वजन घटतं, भाडं वेगळं. पण बर्फ घ्यायला गाडीच पाठवावी लागते असं कुठे आहे? आमच्या बोटी बर्फाजवळ जातात. मासळी जिथे उतरवतात तिथेच बर्फ आणि डिझेल भरतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले, कधी रत्नागिरीचं मिरकरवाडा, कधी थेट गोवा. जिथे लिलावात दर बरा, तिथे बोट लागते. शिवाय कोल्हापूरकडून मासळी न्यायला येणाऱ्या गाड्या टंचाईच्या दिवसांत लाद्या भरून येतात, उतरवतात आणि मासळी घेऊन घाट चढतात.

हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं हा पुरावा नाही. दीर जेटीवर फिरून नाखव्यांकडून इतर बंदरांवरच्या बर्फाच्या पावत्या मागू लागले. बोटीवरची पावती म्हणजे ओली, चुरगळलेली, मासळीचा वास असलेली. काहींनी दिल्या, काहींनी तोंड फिरवलं. एका तांडेलाने तर डालड्याच्या डब्यात भरून ठेवलेल्या अख्ख्या हंगामाच्या पावत्या आणून दिल्या. त्यांच्यावरून मी तक्ता केला. एकच बोट एका महिन्यात वेगवेगळ्या बंदरांवर बर्फ घेते, हे त्यात स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी एक दाखला दिला, तो मला फार उपयोगी पडला. उबरविरुद्ध मेरू या टॅक्सी कंपनीने तक्रार केली होती. आयोगाने बाजार फक्त दिल्लीचा धरला आणि प्रकरण बंद केलं. अपिलीय न्यायाधिकरणाने दिल्ली आणि आसपासचा राजधानी परिसर (एनसीआर) विचारात घेऊन चौकशीचा आदेश दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कंपनी तीच, टॅक्सी तीच, नकाशावरची रेघ तेवढी सरकली. आमच्या रेघेने आम्ही बंदरावरचे राजे ठरणार की किनाऱ्यावरच्या अनेकांपैकी एक, हे ठरायचं होतं.

दुसरा दाखला जास्त जवळचा होता. जिओ बाजारात आली तेव्हा एअरटेलने आयोगाकडे धाव घेतली, की हे फुकट देऊन बाजार नासवत आहेत. जून २०१७ मध्ये आयोगाने ते प्रकरण बंद केलं. बाजारात नुकताच आलेला, समोर मोठे जुने खेळाडू उभे, अशा कंपनीला वर्चस्व आहे असं म्हणता येत नाही, हा त्यातला गाभा. पुढे दूरसंचार क्षेत्रात काय झालं ते आपण पाहिलंच. उरल्या किती कंपन्या? म्हणून हा दाखला मी डोळे मिटून छातीशी धरत नाही. पण कायदा त्या क्षणी काय विचारतो, ते त्यातून कळतं.

प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक तक्रार खोडसाळच असते, असंही नाही. चलन वायद्यांच्या व्यवहारात राष्ट्रीय शेअर बाजाराने शुल्कच घेतलं नाही, तेव्हा तक्रार नव्या प्रतिस्पर्धी एक्स्चेंजनेच केली होती. आयोगाने २०११ साली ती मान्य करून साडेपंचावन्न कोटींचा दंड लावला. तिथे मोठ्याने दुसऱ्या धंद्यांच्या नफ्यावर नव्याला गुदमरवलं, हा मुद्दा होता. आमच्याकडे नेमकं उलटं. जुने चौघे, नवे आम्ही, आणि आमच्याकडे बर्फाशिवाय दुसरा धंदा नाही, ज्याच्या नफ्यावर तोटा सोसू.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत हा कायदा १८९० पासून आहे आणि तिथे नुकसानभरपाई तिप्पट मिळते, त्यामुळे मोहही तिप्पट. बाईंनी एक बोलिंगच्या खेळघरांचा खटला सांगितला. बुडायला आलेली खेळघरं ब्रन्सविक नावाच्या बड्या कंपनीने विकत घेऊन चालू ठेवली. शेजारच्या खेळघरवाल्यांनी दावा केला, की ती बंद पडली असती तर गिऱ्हाइकं आमच्याकडे आली असती, तो नफा भरून द्या! १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा एकमताने फेटाळला. स्पर्धा चालू राहिली म्हणून भरपाई कशी मागता येईल? दुसरी गोष्ट सॉल्ट लेक सिटीच्या एका स्थानिक कंपनीची, जी गोठवलेले 'पाय' (pie, सारण भरून भाजायचा पदार्थ) बनवायची. शहरात तिचा वाटा एके काळी दोन तृतीयांश होता. बाहेरच्या कंपन्यांनी दर उतरवले, तिने खटला भरला. बाजार वाढत होता, तिची विक्रीही वाढत होती, तरी १९६७ मध्ये ती जिंकली. त्या निकालावर पुढे भरपूर टीका झाली आणि १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने कसोटी कडक केली: दर खर्चाखाली हवा, आणि नंतर दर चढवून तो तोटा वसूल करण्याची खरी शक्यता हवी.

ही दुसरी अट मी दिरांना समजावली, तेव्हा ते म्हणाले, आपण दर चढवला तर दुसऱ्या दिवशी बोटी मालवणाक जातील. हेच वाक्य, जरा नीट कपडे घालून, आमच्या उत्तरात गेलं.

आपल्याकडे खर्च मोजायचे नियम २००९ मध्ये झाले. आमच्या प्रकरणाच्या वेळी तेच लागू होते. त्यात साधारणपणे सरासरी चल खर्च धरायचा, म्हणजे उत्पादन वाढलं की वाढणारा खर्च: वीज, पाणी, मजुरी, अमोनिया, मीठ. आमच्या कॉस्ट अकाउंटंटने पत्रक केलं. रात्रीच्या सवलतीमुळे विजेचा आकडा इतका खाली आला होता, की चल खर्चच काय, कर्जाचं व्याज आणि घसारा धरूनही दर खर्चाच्या वर राहत होता. तक्रारदारांनी काय केलं होतं? त्यांनी त्यांच्या जुन्या कॉम्प्रेसरचा, दिवसा चालणाऱ्या यंत्राचा खर्च काढला होता आणि त्याच्याखाली आमचा दर दाखवला होता. म्हणजे त्यांना बर्फ महाग पडतो, म्हणून आम्ही तोट्यात विकतो.

आणि मग परिशिष्ट. तक्रारीला जोडलेल्या कागदांत शेवटी एक मराठी कागद होता, सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर. गटाच्या सभेचा ठराव. सर्व सभासदांनी या हंगामात लादी अमुक एका दराने विकावी, कुणी दर मोडू नये, मोडल्यास कळवावे. आम्ही "चालू बाजारभावापेक्षा" स्वस्त विकतो, हे दाखवायला त्यांनी तो जोडला होता. बाईंनी तो दोनदा वाचला. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून दर ठरवणं हे कलम ३(३) मधलं पहिलं उदाहरण. त्यात स्पर्धेला बाधा येते असं कायदा गृहीतच धरतो.

"तेंनीच लिवन दिल्यानी हा मगे!" दीर खूश झाले. उलटी तक्रार ठोकू म्हणाले. त्यावर आमच्या घरात बरंच वाजलं. दिरांचं म्हणणं, हत्यार हातात आलंय तर मारा. सासरे एवढंच म्हणाले, की त्या चौघांतल्या दोघांची कर्जं त्यांना ठाऊक आहेत. मला पैशाचा प्रश्न होता. एका प्रकरणाचा खर्च चालू असताना दुसरं उभं करायचं म्हणजे बर्फ कुणी काढायचा? शेवटी उत्तरात एक परिच्छेद लिहून ठराव दाखवून दिला आणि तिथेच थांबलो. बाईंनी एक गंमत सांगितली. कलम ४६ प्रमाणे संगनमतातला जो आधी जाऊन सगळं उघड सांगेल, त्याला दंडात मोठी सूट मिळू शकते. ही गोष्ट जेटीवर कशी पोचली मला माहीत नाही (दिरांकडे मी कधी विचारलं नाही), पण त्यानंतर चौघांचं एकत्र चहा पिणं कमी झालं.

मनाई हुकमाची भीती मात्र लवकर गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे, की कलम ३३ चा अंतरिम आदेश चौकशीचा आदेश झाल्यावरच, तोही काटेकोर कारण असेल तरच. म्हणजे आयोगाने प्रथमदर्शनी प्रकरण आहे असं म्हणेपर्यंत आम्हाला बर्फ आमच्या दराने विकता येणार होता. हे कळलं त्या दिवशी मी जेटीवर जाऊन दोन नाखव्यांना स्वतः सांगितलं. फॅक्टरीला सील लागत नाही, आणि दर तोच आहे.

आयोगासमोरची प्राथमिक बैठक व्हिडिओवर झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. समोरचे वकील बाजार एका जेटीपुरता ठेवायचा प्रयत्न करत होते, आमच्या बाई पावत्यांचा तक्ता उघडून बसल्या होत्या. सदस्यांनी विचारलेला एक प्रश्न लक्षात राहिला: तुमच्या स्वस्त दरामुळे बोटवाल्यांचं नुकसान झालं, असं एका तरी बोटवाल्याने लिहून दिलंय का? समोरून उत्तर आलं नाही.

आदेश पुढच्या हंगामात आला. कलम २६(२) खाली प्रकरण बंद. बाजार एका जेटीपेक्षा मोठा, वर्चस्व दिसत नाही, त्यामुळे गैरवापराचा प्रश्नच उरत नाही. पानं थोडीच. आमचा खर्च आम्हीच सोसायचा. खोटी माहिती देणाऱ्याला दंड करणारं कलम ४५ आहे, पण आमच्या तक्रारदारांनी माहिती खोटी दिली नव्हती. खरी माहिती त्यांनी सोयीची रेघ मारून मांडली होती, आणि तेवढ्यासाठी कुणाला दंड होत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की अशी माहिती कुणीही देऊ शकतो, स्वतःचं नुकसान झालेलं असायची गरज नाही. दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं, तर त्यातून प्रतिस्पर्धीही आत येणारच. ते बंद करावं असं मला आजही वाटत नाही. आमच्यासारख्यांनाही कधी तरी त्याच दारातून जावं लागेल.

अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. ती गेली, कुणी अपील केलं नाही. चौघांच्या फॅक्टऱ्यांवर हंगामाच्या सुरुवातीला लागायचा तो एकसारखा दरफलक त्यानंतर दिसला नाही. एकाने रात्रीच्या वेळी यंत्र चालवायला सुरुवात केली आहे आणि त्याचा दर आता आमच्या बरोबरीला आला आहे. त्यामुळे आमच्या काही बोटी तिकडे गेल्या. दीर इन्सुलेशन बदलायच्या मागे लागलेत.

जादा कर्ज मिळालं, पण एक हंगाम उशिरा आणि आधीपेक्षा चढ्या व्याजाने. दरवर्षी कॅश क्रेडिटच्या, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाच्या, नूतनीकरणाच्या अर्जात "पूर्वीचे वाद" असा रकाना असतो. तिथे मी प्रकरणाचा क्रमांक लिहिते आणि आदेशाची प्रत जोडते. शाखेत नवा व्यवस्थापक आला की तो प्रत वाचतो आणि विचारतो, "म्हणजे नक्की काय केलं होतं तुम्ही?"